हळदीची गोळी

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंगवरून भांडण, पाण्याच्या टाकीवरून भांडण, मग सेक्रेटरी कुत्सित हसला म्हणून आणखी एक भांडण. चांगलीच लांबली. मी पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले होते. संपल्यावर उठले आणि तरातरा लिफ्टकडे निघाले. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा लक्षात आलं, की मी मागे वळून खुर्चीकडे बघितलंच नाही.

ज्यांना यात काही विशेष वाटत नाही त्या बायका सुखी आहेत, त्यांनी सुखीच राहावं. मी मात्र कितीतरी वर्षं उठलं की वळून बघणारी बाई होते. हॉटेलात, रिक्षात, लोकांच्या सोफ्यावर, आधी नजर खाली आणि मग निरोपाचं बोलणं. परवा तो चाळा आपोआप सुटलेला दिसला आणि मला लिफ्टमध्ये एकटीलाच हसू आलं.

माझी पाळी म्हणजे नळ फुटल्याची गत होती. रात्रीचे मोठे पॅड एकावर एक, त्याखाली जुनी बेडशीट चौपदरी, त्याखाली प्लास्टिक, आणि एवढा बंदोबस्त करूनही सकाळी गादी धुवायची. गाठी पडायच्या. कंबरेत पिळा बसायचा तो मांड्यांतून खाली उतरायचा, आणि मी ओट्याला धरून पोळ्या लाटायचे. काळा आणि मरून सोडून दुसऱ्या रंगाची सलवार मी शिवायचंच सोडून दिलं होतं. टेलरला वाटायचं, मला आवड नाही.

त्यात माझं काम यार्डातलं. मी एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. न्हावा शेवाला उतरलेला माल कस्टमचे साहेब तपासतात तेव्हा कंटेनरचं सील तोडून, खोकी उघडून दाखवायला एजंटचा माणूस हजर लागतो. आमच्या ऑफिसात तो माणूस म्हणजे मी. हेल्मेट, चमकणारं जॅकेट, हातात फाइल, असं द्रोणागिरीच्या यार्डांतून उन्हात फिरायला मला मनापासून आवडतं. फक्त बायकांचा संडास गेटपाशी आणि तपासणीची शेड पार दुसऱ्या टोकाला, मध्ये ट्रेलरच्या रांगा. जॅकेट मी मुद्दाम दोन साइझ मोठं मागून घेतलं होतं. ते गुडघ्यापर्यंत यायचं, आणि गुडघ्यापर्यंत काय काय झाकायचं ते मला ठाऊक.

एकदा साहेब खोकी मोजत होते आणि मला कळलं, की आता झाकण्याच्या पलीकडे गेलंय. मी शेजारच्या खोक्यावर बसले ते बसलेच. साहेब म्हणाले, "मॅडम, सही?" मी बसल्या जागेवरून हात लांब केला. त्यांना वाटलं असेल, काय माजोरडी बाई आहे. सगळे गेल्यावर नवऱ्याला फोन केला. तो बिचारा बाइकवरून धावत आला. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, कशाला आत जायचंय, तर म्हणाला, "मिसेसला डबा द्यायचाय." पिशवीत सलवार होती. मी ती खोक्यामागे बदलली. घरी आल्यावर मी पोटभर रडून घेतलं.

घरी मात्र या सगळ्याचं कौतुक होतं. आमचं गाव खाडीकाठचं. जमिनी बंदरासाठी गेल्या, मग मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, वरचे मजले बिल्डरने विकले. आता सासू-सासरे पहिल्या मजल्यावर, मोठे दीर-जाऊ दुसऱ्यावर, आम्ही तिसऱ्यावर. माझी सासू धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी यायच्या आधी मांडवात धवलारीण येते. ती देवांना, पितरांना नावं घेऊन गाण्यातून बोलावते, तिने धवला म्हटल्याशिवाय हळद हलत नाही. एकदा का ती मांडवात बसली, की नवरदेवाचा बापसुद्धा तिला विचारून पाणी पितो.

अशी बाई मला सांगायची, "व्हाऊ दे गो. घान भायेर जाते. जिचा अंग असा मोकला होतं, ती म्हातारपनी ठनठनीत रहाते." मी पांढरीफटक पडत चालले होते आणि घरात बोलणं असं, की धाकटी सून कशी भरल्या अंगाची.

आता गोळीचं सांगते. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी. लग्नाला गेलं नाही तर एखाद वेळेस माफ होतं, हळदीला गेलं नाही तर भावकी बोलणं टाकते. आणि पाळीतल्या बाईने मांडवात पाय ठेवायचा नाही, हळदीला हात लावायचा नाही. तिने बाहेर खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे ती का बसली आहे हे सगळ्या गावाला कळलंच. यावर बायकांनी तोडगा काढला, पाळी पुढे ढकलायची गोळी. मेडिकलवाला काही विचारत नाही. आमच्यात तिला हळदीचीच गोळी म्हणतात, आणि लग्नघराच्या सामानात ती सुपारी-नारळाबरोबर येते. माझ्या सासूच्या कमरेच्या बटव्यात सुपारी, लवंग, धवल्याचे तांदूळ आणि या गोळ्यांची पट्टी असायची. कोणाची सून, कोणाची लेक रडवेली दिसली की ती पट्टी काढायची. तिच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. पोरीला बाहेर बसावं लागू नये, एवढंच.

मला तर दर लग्नाला लागायची. सासू धवला म्हणायची तेव्हा तिच्यामागे ओळ धरायला मी. माझ्याशिवाय तिला दम पुरत नसे. चैत्र-वैशाखात एक हळद संपली की गोळी बंद, की लगेच पूर यायचा, तो ओसरतो न ओसरतो तोच दुसऱ्या घरची सुपारी, की पुन्हा गोळी. पुढे पुढे पाळी कधी आली आणि कधी गेली याचा मेळच राहिला नाही.

जिने चढताना धाप लागायला लागली. कच्चे तांदूळ खावेसे वाटायला लागले. सासूच्या सुपातले धवल्याचे तांदूळ कमी व्हायचे आणि ती उंदरांना शिव्या द्यायची. उंदीर मी होते. शेवटी मी तपासून घेतलं, तर हिमोग्लोबिनचा आकडा बघून लॅबवाल्याने आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा रक्त घेतलं.

ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी विचारलं, गोळ्याबिळ्या काही चालू आहेत का? मी म्हटलं, नाही. बीपी नाही, शुगर नाही, मी काय खोटं सांगत होते? त्या म्हणाल्या, "रक्त भरून घेऊ आणि पिशवी काढून टाकू. मुलगा मोठा झाला, आता तिचं कामच काय?"

मी बाहेर आले आणि माझं डोकं फिरलं. काम उरलं नाही म्हणून काढून टाकायचं, तर आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पुरुषमंडळी आधी काढायला लागतील. घरी सगळ्यांना मात्र ते पटलं. गावात चाळिशी आली की पिशवी काढायची रीतच पडली आहे. जाऊबाईंनी तर पस्तिशीलाच काढली होती. त्या म्हणाल्या, "काढून मोकली हो. मना बग, कटकट नाय." मी त्यांच्याकडे बघितलं. अंडाशयंही काढलेली, त्यामुळे अंगातून वाफा निघायच्या, गुडघे धरून जिना उतरायच्या. कटकट नव्हती हे मात्र खरं.

मला दुखणं नको होतं. पण पिशवीही द्यायची नव्हती. मूल हवं होतं म्हणून नव्हे. का, ते मला नवऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. शरीराचा एक भाग सगळं घर मिळून ठरवून काढतंय आणि मला कोणी विचारत नाही, याचाच राग जास्त होता. दिराच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. त्यानंतर ऑपरेशन, असं परस्पर पक्कं झालं. ही पुतणी माझ्या मांडीवर वाढलेली. जाऊबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा वर्षभर ती माझ्याच घरी जेवली-झोपली.

ऑफिसातल्या एकीने सांगितलं, नेरूळला एक डॉक्टर आहे, ती ऐकून घेते. मी जायचं ठरवलं तर सासूबाई सोबत निघाल्या. माझ्यावर विश्वास नव्हता की डॉक्टरवर, कोण जाणे.

डॉक्टर तरुण होती. तिने सगळं ऐकलं, विचारलं, "काही गोळ्या घेता?"

"नाही."

तेवढ्यात सासूबाईंना खोकला आला. एसीत त्यांना येतोच. लवंग काढायला त्यांनी बटवा उघडला, आणि लवंगेबरोबर पट्टी टेबलावर पडली.

डॉक्टरने ती उचलली. "आजी, ही कोणाची?"

"ही गोली नाय," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "ही हलदीची हाय."

"म्हणजे?"

"लग्नाची गो. पाली थांबवाची. ही घेतं ना दर टायमाला, माझ्यामागं धवल्याला लागतं ती मना."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत मला खरंच ती गोळी औषधात मोडते असं वाटलं नव्हतं. हळदीच्या दिवशी आपण साडी नेसतो, गजरा माळतो, तशी गोळी घेतो. ते का कोणी डॉक्टरला सांगतं?

मग आम्ही सासू-सून बसून सीझनची लग्नं आठवायला लागलो. जसखारचं, करळचं, मोऱ्याच्या कोळ्यांकडचं, ज्यात सासूबाईंना खास बोलावलं होतं. आमची यादी वाढत गेली तशी डॉक्टर लिहायची थांबली. ती हसली नाही आणि ओरडलीही नाही. म्हणाली, "पाळी मुळात जास्त होती, ती या गोळ्यांनी पार विसकटली. आता मूळ दुखणं शोधू."

सोनोग्राफी झाली. आतलं थोडं अस्तर काढून तपासायला पाठवलं. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. रिपोर्टात वाईट काही निघालं नाही. पिशवीची भिंत सुजलेली, तिच्यातच रक्त साचतं, म्हणून एवढं दुखतं आणि एवढं जातं. डॉक्टरने समजावून सांगितलं, की पिशवीत कॉपर-टीसारखं एक छोटं साधन बसवायचं. त्यातून थोडंथोडं हार्मोन झिरपतं आणि रक्त कमी होत जातं. लोह सलाइनमधून द्यायचं. "पण पहिले काही महिने डाग लागतील, कधीही. घाबरायचं नाही. आणि ही हळदीची गोळी अजिबात नाही, नाहीतर साधनाने काय केलं आणि गोळीने काय केलं ते मला कळणारच नाही. सहा महिने द्या. नाही जमलं, तर ऑपरेशनचं बोलू."

सहा महिन्यांत पुतणीची हळद येत होती. ते मी तिथे बोलले नाही.

साधन बसवताना कळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मग संपलं. लोहाचं सलाइन लागलं आणि पंधरवड्यात सुपातल्या तांदळांची चोरी थांबली. सासूबाई म्हणाल्या, उंदीर गेले वाटतं. यार्डात मी शेडपासून गेटपर्यंत न थांबता चालायला लागले. पूर ओसरला होता. दुखणं आलं तर ओट्याला धरावं लागत नव्हतं. राहिले होते ते डाग. चार दिवस नाही, मग दोन दिवस आहेत, असे बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखे यायचे.

आणि हळदीच्या दिवशी सकाळी आलेच.

मी आमच्या खोलीत येऊन बसले. खाली मांडवात बेंजोवाले वाद्यं लावून बघत होते. डाग ते डागच, पण आमच्याकडे थेंबाला आणि पुराला नियम एकच. जाऊबाई वर आल्या, मुलीची आई, त्यांचं तरी काय चुकलं? म्हणाल्या, "एक गोली घे ना गो. पोरगी सकालपासून काकी काकी करतंय." नवरा म्हणाला, "एकच घे. टेन्शन नको घेऊस, डॉक्टरला काय कळणारे?" त्याला दोष देत नाही, सलवारची पिशवी घेऊन धावणारा तोच. पण मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. गोळी घेतली तर इतक्या महिन्यांचं केलेलं पाण्यात, पुन्हा ऑपरेशनची तारीख. नाही घेतली तर माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीची हळद मी बाहेरच्या खुर्चीतून बघायची. मी म्हटलं, "मी खाली येतच नाही," आणि दार लावून घेतलं. रडले, आणि रडून नाक लाल झालं म्हणून आणखी राग आला.

दार वाजलं. सासूबाई होत्या. धापा टाकत तीन मजले चढून आलेल्या, लिफ्टमध्ये त्या बसत नाहीत. मला वाटलं, आता बटवा उघडणार. त्या पलंगावर बसल्या, दम घेतला.

मग म्हणाल्या, "मी धवला म्हनाय लागलू तवा ही गोली व्हती का?"

मी म्हटलं, "नसेल."

"नव्हती. मंग माझी पाली कुठं जात व्हती?"

खरंच, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. धवलारीण गावात एकच. सीझनला एक दिवस मोकळा नाही. तिला बाहेर बसवून लग्न कोण लावणार?

"कोनाला सांगला नाय," त्या म्हणाल्या. "तुज्या सासऱ्यानाव नाय. लुगऱ्याच्या आत दोन-दोन कापरं बांदून बसाचू. असा पोटान कल याची, का देवांची नावा इसराचू. तरी म्हटला. लय पोरींना हलद लावली त्या अंगान. सगल्या नांदतान. देवान एक मांडव पारला नाय."

या बाईने मला वर्षानुवर्षं सांगितलं होतं की वाहू दे, चांगलं असतं. आता वाटतं, ती ते मला सांगतच नव्हती. ती स्वतःलाच समजावत आली होती, आणि मग तीच समजूत माझ्या पदरात घातली.

"मंग मना पाप लागला नाय, तं तुना कसा लागल? चल. नाक पुस."

मी खाली आले. मला वाटलं होतं, आम्ही दोघींनी गुपचूप ठेवायचं ठरलंय. कसलं काय. सासूबाईंनी मांडवात उभं राहून बेंजो थांबवला आणि धवल्याच्या आवाजात, म्हणजे पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माजे सुनंची पाली चालू हाय. पयली हलद तीच लावनार. कोनाला काय बोलाचा आसल तं आता बोला. एकदा धवला चालू झाला का मी कोनाचा ऐकत नाय."

मी शरमेने जमिनीत गेले. समोर भावकी, दिराच्या ऑफिसचे लोक, वर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला. तो सगळं शूट करत होता. एक चुलतसासू तेवढी तोंडाला पदर लावून कुजबुजली, तिच्याकडे सासूबाईंनी असं बघितलं की पदर खाली आला. मग मी वाटीत हात घातला. पुतणीच्या गालाला हळद लावली, कपाळाला, हातांना, पायांना. ती हसत होती आणि माझे डोळे वाहत होते. मागून सासूबाईंचा आवाज चढला आणि मी सवयीने पुढची ओळ धरली. बाहेरच्या खुर्च्यांवरून दोन पोरी उठून मांडवात आल्या, त्यांना कोणी अडवलं नाही.

डाग हळूहळू लांबले, मग थांबले. सहा महिने झाल्यावर आम्ही दोघी पुन्हा नेरूळला गेलो. डॉक्टरने तपासलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाली, "छान आहे. ऑपरेशनची काही गरज नाही. आता एकदम वर्षाने या." मी खुर्चीत मागे टेकले. एवढा हलका श्वास मी कधी घेतला होता ते मला आठवेना. माझी पिशवी माझ्याकडे राहिली होती आणि दुखणं गेलं होतं, दोन्ही, आणि मी ते मोठ्याने म्हणाले, तेव्हा डॉक्टर हसली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या टेबलावरचं ते साधनाचं प्लास्टिकचं मॉडेल हातात घेऊन उलटसुलट करून बघत होत्या. बोटाच्या दोन पेरांएवढं असेल.

"डॉक्टरीनबाय," त्यांनी विचारलं, "माझ्या टायमाला ह्या व्हता का?"

"नाही आजी. तेव्हा नव्हतं मिळत."

"नक्की ना? म्हंजे मी इचारला असता, तरी कोनी दिला नसता?"

"नसतं दिलं."

सासूबाईंनी ते मॉडेल जपून जागेवर ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"नव्हता ना," त्या म्हणाल्या. "मंग बरा झाला."